वाट, वार्ता आणि भय



या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. विषय कोणता घ्यावा, याचा निर्णय मात्र माझा नाही; तो मुख्याध्यापिकाबाईंनी नकळत करून टाकला. निमंत्रणासाठी त्या घरी आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, दोन वर्षांपासून शाळेची मुक्कामाची सहल बंद आहे. पालकसभेत विषय निघाला, की कोणीतरी फोनवर आलेली एखादी बातमी दाखवतो, ती हातोहात फिरते, आणि विषय तेथेच संपतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत, आणि आमच्या वेळी त्या विषयाचा निम्मा अभ्यास वर्गाबाहेर होत असे. तेव्हा वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी आणि आता हातातला फोन ज्या जगाचे दर्शन आपल्याला घडवितात, ते जग प्रवाशाच्या दृष्टीने खरोखरच तितके धोक्याचे आहे काय, या प्रश्नाविषयी आज काही बोलावे, असे मी ठरविले. माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रवासवर्णनांवर होता, एवढाच माझा या विषयातला अधिकार. प्रवास मी स्वतः बेताचाच केला आहे.

आरंभ एका सहलीपासून करतो. १९६४ च्या डिसेंबरात गुरुजींनी आग्रा-ग्वाल्हेरची सहल काढली. मी नववीत होतो. आरंभी बेचाळीस मुलांनी नावे दिली होती. निघायच्या दिवशी फलाटावर आम्ही एकोणीस होतो. कारण होते चंबळचे डाकू. विनोबांच्या पदयात्रेत १९६० साली काही बागींनी शस्त्रे खाली ठेवली होती खरी, परंतु खोरे अद्याप शांत झालेले नव्हते; जयप्रकाशजींपुढे मोठे समर्पण घडले ते १९७२ साली. त्यातून आदल्याच वर्षी ‘मुझे जीने दो’ हा चित्रपट येऊन गेला होता, आणि बडोद्यातल्या प्रत्येक आईला चंबळच्या दऱ्या आपल्या गल्लीइतक्या परिचित झाल्या होत्या. आमच्या आईने माझ्या सदऱ्याच्या आत पाच रुपयांची नोट शिवली, आणि डाकूंनी मागितली तर लगेच देऊन टाक, असे बजावले. सदऱ्याच्या आत शिवलेली नोट लगेच कशी देणार, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

मुरैना स्टेशनात गाडी थांबली तेव्हा बरीच रात्र झाली होती. एकोणीस मुले खिडक्यांच्या गजांना नाक लावून डाकूंची वाट पाहत होती. फलाटावर एक गजक विकणारा म्हातारा तेवढा हिंडत होता. गुरुजींनी सर्वांसाठी गजक घेतली, आणि इथली गजक का प्रसिद्ध, तीळ या भागात कसा होतो, यावर दहा मिनिटे सांगितले. आम्ही थोडे हिरमुसलोच. त्या संपूर्ण सहलीत एकच अपघात झाला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला माझा मावसभाऊ शिक्षणासाठी आमच्याच घरी राहत असे. डब्याच्या दारात त्याच्या उजव्या हाताचे बोट चेमटले. ते पुढे कायमचे वाकडे राहिले. या बोटाचा उल्लेख मला पुन्हा एकदा करावा लागणार आहे.

गुरुजी बेफिकीर मुळीच नव्हते, हे मुद्दाम सांगतो. नॅरो गेजच्या गाडीने ते आम्हांला डभोईवरून चांदोदला नेत. नर्मदेच्या काठावर नावाड्याला ते पहिला प्रश्न करीत, “एका खेपेला किती माणसं नेतोस?” तो म्हणे तीस. गुरुजी पंधरा मुले बसवीत आणि उरलेल्यांना दुसऱ्या खेपेची वाट पाहायला लावीत. नावाडी कुरकुरे, मुले कुरकुरत, गुरुजी ढिम्म. मोटारीचा प्रवास असेल तर चालकाची झोप झाली आहे की नाही, याची ते जातीने चौकशी करीत, आणि रात्री मोटार चालवू देत नसत. चंबळच्या डाकूंविषयी त्यांनी पालकांना एवढेच सांगितले होते की, रेल्वेने जाणाऱ्या शाळकरी मुलांत डाकूंना काय स्वारस्य असणार? या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. पालकांना जे भय वाटत होते ते गुरुजींना वाटत नव्हते. आणि गुरुजी ज्याला भीत, ते पालकांच्या मनातही येत नव्हते.

हे कोड्यासारखे वाटेल. पण आमच्या साहित्यात याचे फार जुने उदाहरण आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले. घरात कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणापर्यंत आली होती. घरच्यांचा विरोध झाला. मुलूख दूरचा ही एक अडचण होतीच. पण त्याबरोबर तिकडे भांगेचे व्यसन फार आणि तिकडच्या स्त्रिया पुरुषांना भुलवितात, अशीही धास्ती होती. ही माहिती कोणी आणली होती? ऐकीव गोष्टींनी. प्रत्यक्षात काय झाले? महूच्या अलीकडे त्यांची गाठ पलटणीतल्या शिपायांशी पडली, आणि आता बंड होणार हे त्यांच्या तोंडून कळले. पुढे या भिक्षुकाने झाशीचा वेढा शहरात राहून पाहिला, झाशी पडल्यानंतरचा संहार पाहिला, मिळवलेले द्रव्य गमावले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन तो आईवडिलांकडे सुखरूप परतला. चिंतामणराव वैद्यांनी लिहायला लावलेले आणि १९०७ साली प्रसिद्ध केलेले ‘माझा प्रवास’ आपण वाचतो, तेव्हा भांगेची ती धास्ती वाचून हसू येते. हसून झाल्यावर मात्र थोडे थांबावे. घरच्यांची भीती चुकीची होती, याचा अर्थ मार्ग निर्धोक होता असा नव्हे. मार्ग अत्यंत भयंकर होता. परंतु घरच्यांनी भीतीचे बोट ज्या दिशेला दाखविले, तेथे ते भय नव्हते.

हाच मला आजच्या प्रश्नाचा गाभा वाटतो. जग धोक्याचे आहे की नाही, असा होय-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारला की, उत्तर चुकणारच. धोका कोठे आहे, आणि वार्ता कोठे बोट दाखविते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

वृत्तपत्रांवर राग काढण्यात अर्थ नाही. जे नित्य घडते ती बातमी होत नाही. आपल्या देशात रोज दोन कोटींच्या आसपास माणसे रेल्वेने प्रवास करतात आणि संध्याकाळी घरी येऊन जेवतात. हे कोणता संपादक पहिल्या पानावर छापील? तेव्हा बातमीत येते ते विरळ असते म्हणूनच येते. आपले मन मात्र उलटा हिशेब करते: वारंवार ऐकले, म्हणजे वारंवार घडत असले पाहिजे. हा दोष आजचा नाही. फिलिप मेडोज टेलरची ठगांवरची कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये निघाली आणि तिकडच्या वाचकाच्या दृष्टीने हिंदुस्थानातला प्रत्येक हमरस्ता रुमालाचा फास घेऊन बसलेल्या ठगांनी भरून गेला. वाटमारी होत होती, खून होत होते, हे खरेच. पण ठगीचा विस्तार खरोखर किती होता आणि राज्यकर्त्यांनी तो किती फुगविला, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. फरक एवढाच पडला आहे की, पूर्वी अशी वार्ता पुस्तकातून सावकाश येई. आता तीच चित्रफीत दिवसातून चाळीस वेळा डोळ्यांपुढून जाते, आणि एक घटना चाळीस घटनांचे काम करते.

थोडे आकडे सांगतो. भाषेचा माणूस आकडे सांगू लागला की श्रोते घड्याळाकडे पाहतात, याची मला कल्पना आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ जण गेले, आणि खाली जमिनीवरही माणसे गेली. आपल्या शहरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर घडलेली ही घटना. तिचे दुःख आपल्यापैकी काहींच्या घरापर्यंत आले असेल. त्यानंतर कित्येक महिने लोक विमानात पाय ठेवायला कचरत होते, आणि ते स्वाभाविक होते. आता दुसरा आकडा. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. म्हणजे रोज सुमारे ४६०. त्या विमानात जेवढे गेले त्याहून अधिक माणसे आपल्या रस्त्यांवर दररोज जातात. आदल्या दिवशीही गेली होती आणि दुसऱ्या दिवशीही. त्यांची बातमी आतल्या पानावर, चार ओळींत.

या भीतीची किंमत माणसे प्राणांनी मोजतात, हे अमेरिकेत दिसून आले आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिकडच्या असंख्य लोकांनी विमानप्रवास टाळून मोटारी काढल्या. गेर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, तेव्हा पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे सुमारे १५०० माणसे रस्त्यांवर अधिक मेली, असा अंदाज निघाला. अपहरण झालेल्या चारही विमानांतील निरपराध प्रवासी आणि कर्मचारी मिळून २४६ होते. त्याच देशाचे परराष्ट्र खाते परदेशात अनैसर्गिक मृत्यू आलेल्या आपल्या नागरिकांची नोंद प्रसिद्ध करते. तीत रस्त्यावरचे अपघात आणि पाण्यात बुडणे यांचे स्थान वरचे असते; दहशतवादाचे फार खालचे. माझ्या वयाच्या प्रवाशांचा खरा वैरी तर त्यांचे स्वतःचे हृदय. ते ते घरून बरोबर घेऊन जातात.

येथे कोणी पहलगामचे नाव घेईल, आणि घ्यावेच. २२ एप्रिल २०२५ रोजी बैसरनच्या कुरणात २६ माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातली होती, आपल्या गुजरातमधलीही होती. धर्म विचारून गोळ्या घातल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यापुढे मी रस्त्यावरच्या मृत्यूंचा आकडा ठेवणार नाही. तो निर्दयपणा होईल. हेतुपुरस्सर केलेला खून आणि अपघात यांना एका तराजूत घालता येत नाही, आणि अशा ठिकाणी काही काळ जाऊ नये असे कोणी ठरविले, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याच कुरणात पर्यटकांना वाचविण्यासाठी पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही मारला गेला, एवढे मात्र विसरू नये. आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाने त्या मे महिन्यातली काश्मीरची सहल रद्द केली, ते योग्यच केले. मग त्यांनी भाड्याची मोटार केली आणि रात्रभर प्रवास करून महाबळेश्वर गाठले. सुखरूप आले. चालक आदल्या रात्री झोपला होता का, असे मी विचारले, तेव्हा ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहू लागले.

आता थोडे अवघड बोलायचे आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाला. येथे बसलेल्या प्रौढांना ते दिवस आठवत असतील. लाखो माणसे सुरत सोडून निघाली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. जगभरच्या वाहिन्यांनी तोंडाला फडकी बांधलेली आपली माणसे दाखविली. कित्येक देशांनी भारताकडची विमाने थांबविली, परदेशच्या विमानतळांवर भारतीय प्रवाशांना बाजूला काढून तपासले जाऊ लागले. तेव्हा आपल्याला फार राग आला होता. सुरतेत साथ, आणि केरळला जाणारे प्रवासी का घाबरतात, असे आपण म्हणत होतो. साथ आटोपली तेव्हा देशभरातील मृतांचा आकडा साठीच्या आत होता. त्याच वर्षी याच देशात क्षयाने लाखो माणसे गेली, आणि त्यासाठी एकही विमान कोणी थांबविले नव्हते. परक्यांच्या नकाशावर आपला सगळा देश तांबड्या रंगाने रंगविला गेला होता. आपण परक्यांचे देश असेच रंगवितो.

पण मी परक्यांविषयी सांगत नाही. माझा तो मावसभाऊ, दादा म्हणत असे मी त्याला, त्या वेळी सुरतेत नोकरीला होता. एका रात्री त्याचा एस.टी.डी. बूथवरून फोन आला. वहिनी आणि दोन मुलांना घेऊन तो निघाला होता, आठ दिवस आमच्याकडे राहू का, असे विचारीत होता. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, महाविद्यालयात प्रपाठक, प्रवासवर्णनांवर डॉक्टरेट मिळविलेला. झाशीच्या धुमाळीत परक्या ब्राह्मणांना कोणी आसरा दिला, यावर मी वर्गात तासच्या तास बोलत असे. मी दादाला म्हणालो, “आमच्याकडे मुलं लहान आहेत, दादा. तू समजून घे.” पलीकडून काही क्षण काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “हो, बरोबर आहे.” आणि फोन ठेवला.

माझ्या टेबलावर त्या दिवशीची तीन वर्तमानपत्रे होती. त्यांतली एकही ओळ खोटी नव्हती. मी त्यांतून जे काढले ते खोटे होते. औषध उपलब्ध होते, ते वेळेवर घेतले तर रोग बरा होत होता, हेही त्याच पानांवर छापलेले होते. ते मी वाचले नव्हते, कारण ते मोठ्या टायपात नव्हते.

दादा बडोद्यालाच उतरला. उतरून दांडिया बाजारात गुरुजींच्या घरी गेला. गुरुजी तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, दोन खोल्यांत दोघेच राहत. ओळखीच्या डॉक्टरांना बोलावून त्यांनी सर्वांना तपासून घेतले, गोळ्या सुरू करविल्या, आणि पुढची खोली पाहुण्यांना दिली. नावाड्याला प्रश्न विचारणारे तेच गुरुजी. मला हे दोन महिन्यांनी, ग्रंथालयाच्या पायरीवर त्यांची भेट झाली तेव्हा कळले. मी खाली मान घालून उभा राहिलो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तुझ्या भावाचं बोट अजून वाकडंच आहे रे.” दादा पुढे कधी आमच्याकडे राहायला आला नाही. लग्नकार्यात भेटे, चांगले बोले. २०११ साली तो गेला.

हे मी आज एवढ्याचसाठी सांगितले की, प्रवाशाला भिणे आणि प्रवासाला भिणे या एकाच मनाच्या दोन बाजू आहेत, असे मला वाटत आले आहे. ज्याला बाहेरचे जग दरोडेखोरांनी भरलेले दिसते, त्याला दारात उभा राहिलेला पाहुणाही तसाच दिसू लागतो.

मुलींच्या प्रवासाविषयी पालक विशेष काळजी करतात. ती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. रात्रीच्या स्टेशनावर मुलगा आणि मुलगी यांना सारखेच जग भेटत नाही. तथापि राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदी वर्षानुवर्षे एकच सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या दर दहा गुन्ह्यांपैकी नऊंहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असतो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, तेव्हा एकट्या का जाता, म्हणून लोकांनी इतके छळले की, त्यांना श्रीरामपूरला सभेत उभे राहून उत्तरे द्यावी लागली. माझी नात गेल्या वर्षी ईशान्य भारतात एकटी पंधरा दिवस फिरून आली. त्या पंधरा दिवसांत मी रात्री उठून उठून फोन पाहत होतो, हे येथे कबूल करतो. ती परत आली ती खासी टेकड्यांवरच्या झाडांच्या मुळांच्या पुलांविषयी सांगत, आणि मेघालयातल्या एका बाईने तिला आपल्या घरी कसे जेवू घातले ते सांगत.

आता आपल्या शाळेच्या सहलीकडे येतो. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात, हरणी तलावात सहलीच्या मुलांची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. नावेत मर्यादेपेक्षा जास्त माणसे बसविली होती, आणि सर्वांना जीवरक्षक जाकिटे नव्हती. १९९३ मध्ये सुरसागरात नाव उलटून वीसहून अधिक माणसे बुडाली होती. तीस वर्षांनी तेच. २०२५ च्या जुलैत पादऱ्याजवळचा गंभीरा पूल मोडून वाहने महीत पडली. यांतले काहीही चंबळच्या खोऱ्यात घडलेले नाही. घरापासून तासाभराच्या आत, ज्या जागांची कोणाला भीती वाटत नव्हती, तेथे घडले. हरणीनंतर मुक्कामाच्या सहली बंद झाल्या, हे मी समजू शकतो. पण बंद काय झाले? दिल्ली बंद झाली, हैदराबाद बंद झाले. आणि जवळची म्हणून तलावावरची एक दिवसाची सहल मात्र पुन्हा सुरू झाली आहे, असे मला कळले. बाईंनी मान हलविली, म्हणजे माझी माहिती बरोबर असावी.

पालकांना माझी विनंती अशी की, पुढच्या सभेत फोनवरची बातमी दाखवू नका. त्याऐवजी शिक्षकांना विचारा: नावेत किती बसणार, जाकिटे किती, चालक कितीचे आणि ते झोपणार केव्हा, पोहायला उतरू देणार की नाही, रात्रीचा प्रवास रेल्वेने की मोटारीने? उत्तरे समाधानकारक नसतील तर चांदोदलासुद्धा मुलांना पाठवू नका. समाधानकारक असतील तर ग्वाल्हेरला पाठवा. गोडसे भटजींनी पाहिलेले ग्वाल्हेर, झाशी ही नावे आपल्या मुलांना धड्यातच माहीत आहेत. आणि मुरैना स्टेशनावर गजक अजून मिळते, असे माझा विद्यार्थी सांगत होता.

आजच्या व्याख्यानाचे जे मानधन संस्थेने देऊ केले आहे, त्यातून शाळेसाठी मुलांच्या मापाची जाकिटे घ्यावीत, असे मी कार्यवाहांना लिहून दिले आहे. ती पुरणार नाहीत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी भर घातली तर बरे होईल. सहलीची सूचना फलकावर लागली, की मलाही कळवावे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा चढ आता माझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही, पण चांदोदच्या घाटापर्यंत मी येईन आणि काठावर उभा राहून मुले मोजीन.